जर्मनाची खांड

डीटरसाहेब गेल्याचा निरोप त्यांच्या मुलीने फोनवर पाठवला, तेव्हा मी रोह्याहून अष्टमीकडे जाणाऱ्या पुलावर होतो. सकाळची रोजची फेरी. ‘बाबा काल गेले. तुमची नेहमी चौकशी करायचे,’ एवढाच मजकूर. मागून धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या जात होत्या आणि मी कठड्याला धरून उभा होतो. दुःखाच्या आधी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते... मनात आलं, आता कोणालाच कळणार नाही. ते कळावं म्हणून, महिना उलटल्यावर, हे लिहितो आहे.

डीटरसाहेब एका जर्मन टेलिफोन कंपनीचे आशियाचे प्रमुख होते. सोळाव्या वर्षी तिकडच्या टपाल-तार खात्यात केबलचे चर खणायला लागलेला मुलगा पायरी पायरीने तिथवर चढला होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांची कंपनी पेणपासून रोह्यापर्यंत ऑप्टिकल फायबर केबल टाकत होती, आणि मी सरकारी टेलिफोन खातं सोडून त्यांच्याकडे मॅनेजर झालो होतो. एवढ्या हुद्द्याचा माणूस, पण चरात उतरून खोली स्वतः मोजायचा. “साहेब खड्ड्यात नि मॅनेजर छत्रीखाली,” असं आमचा मुकादम माझ्या तोंडावर म्हणायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

पेणच्या खाडीकाठी एका गावात केबल खारबांधातून पलीकडे न्यायची होती. हा बांध खाडीचं पाणी भातशेतीबाहेर ठेवतो. कोजागरीला चार दिवस होते, भात कापणीला आलं होतं. डीटरसाहेब पाहणीला आले तेव्हा बांधालगत शेत असलेली हिराबाय पुढे आली. साहेबांनी हात जोडले. ती त्यांच्याकडे बघूनच बोलली, “आता बांध खनू नका. चार दिसांनी पुनव हाय. पुनवेचा उधान दुपारचा बांधाला लागतो, नवी माती टिकायची नाय. पुनव जाऊं द्या, पानी कमती चढाय लागला की मंग खुशाल खना.”

“काय म्हणतात त्या?” साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं, “सुरू करा म्हणतात.”

एवढंच. उद्घाटनाची तारीख ठरली होती, आठ-दहा दिवस थांबलो तर ती चुकणार होती, आणि ती साधली तर मुंबईच्या कार्यालयातली वरची जागा मला मिळणार होती. मनात म्हटलं, बाईमाणूस आहे, घाबरली असेल. साहेबांनी मान हलवली, मजूर बांधावर चढले.

पुनवेला दुपारी आम्ही पोचलो तेव्हा नव्या मातीतून बोटाएवढी धार येत होती. बघता बघता ती मनगटाएवढी झाली. माणसं गोणी टाकत होती, पेंढा कोंबत होती, कुणीतरी एकसारखं “माती! माती!” ओरडत होतं... आणि मग बांधाचा तो तुकडा आवाजही न करता खाली बसला. खारं पाणी उभ्या भातात शिरलं. हिराबाय गुडघाभर पाण्यात उभी राहून विळ्याने हाताला लागतील तेवढ्या लोंब्या कापत होती. डीटरसाहेबांनी बूट काढले आणि ते चिखलाची ढेकळं पुढे देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी बूट घालून वर उभा होतो.

बांध फुटून पडलेल्या भगदाडाला खाडीकाठी खांड म्हणतात. ती खांड पुढे बुजवली, पण त्या जागेला आजही ‘जर्मनाची खांड’ म्हणतात.

पेणच्या कार्यालयात चौकशी झाली. वरून आलेल्या दोघांनी विचारलं, गावातून कुणी सावध केलं होतं का? मी टेबलावरच्या फायलीची दोरी सोडत होतो, बांधत होतो. साहेबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “आदेश माझा होता. मला तिथली भाषा येत नव्हती, तर मी थांबायला हवं होतं.” महिन्याभरात त्यांना परत बोलावलं, पदावरून काढलं. उरलेली वर्षं त्यांनी तिकडच्या एका शाळेत शिकाऊ मुलांना केबल जोडायला शिकवलं. मला मुंबईची जागा मिळाली.

दर वर्षी त्यांचं पत्र यायचं. शेवटी एकच प्रश्न, बांध कसा आहे? मी लिहायचो, उत्तम आहे. चोवीस वर्षांत मी एकदाही तिकडे गेलो नव्हतो. गेल्या वर्षी त्यांनी व्हिडिओ कॉल केला, आवाज पार खोल गेलेला. “बांध?” त्यांनी विचारलं. तोंडापर्यंत सगळं आलं होतं... मी म्हणालो, “उत्तम.”

निरोप आल्यावर आठवड्याने मी त्या गावी गेलो. हिराबाय आता ऐंशीच्या पुढे असेल. ओटीवर सुपात सुकट घेऊन निवडत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. तिने सूप खाली ठेवलंसुद्धा नाही.

“म्हाईत हाय. मी एवरा बोलले नि तू दोन शब्दांत उरकलास. आमी येडी हाव काय?”

“मग कुणाला बोलली का नाहीस?”

“तुझ्यान बोलवत नव्हता, तर मी कशाला बोलू?” मग सुकट पाखडत म्हणाली, “त्याच्या देशाला जायच्या आदी तो जर्मन एकलाच आलता. पुनवेला. खांड बुजवलेली तिथं अकरापासून बसला, पानी उतरंपर्यंत उठला नाय. तवापासून गावान पाली लावलीय, दर पुनवेला एकान बसायचा. या पुनवेला माझ्या नातवाची हाय. ती तू घे. फावडा मी देतें.”

परवा पुनव झाली. अकराला जाऊन बसलो. डोक्यावर ऊन, मांडीवर फावडं. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली दोन हातांवर आलं आणि तिथे घुटमळलं. साडेबारा झाले, एक वाजला. उतरायला लागलंय असं मला वाटलं, पण खात्री होईना. हिराबाय पलीकडे शेतात होती. तिला हाक मारून विचारलं, “उठू का गो?”

“बस अजून,” ती म्हणाली.

मी बसलो.