भाऊजींचं चौथं शील

बुद्धाला माझ्या भाऊजींइतकं हैराण करणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा सापडायचा नाही. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी पंचशीलच प्रयोगाला घेतलं. जन्म आमच्यासारखाच धान पिकवणाऱ्या हिंदू घरातला. विहारात जायचे, पण हात न जोडता दाराशी बसायचे आणि प्रवचन संपलं की शंका काढायचे. बहिणीच्या देवघरापुढेही त्यांचे हात कधी जुळले नाहीत. धर्म बदलला का, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "धर्म नाई, सवय बदलवून राह्यलो. बुद्धच म्हणे ना, करून पाहा."

करून पाहणं म्हणजे एका शीलाला एक वर्ष आणि नोंदींची वही. दारूचं शील सोपं होतं, कारण ते पीतच नव्हते. पण जो पीत नाही त्याने सोडलं काय, म्हणून आधी आठ दिवस मोहाची घेऊन पाहायचं त्यांनी ठरवलं. दुसऱ्याच दिवशी बहिणीने बाटली परसात ओतली आणि वहीत आपल्या अक्षरात 'प्रयोग संपला' असं लिहून टाकलं. जीवहत्येच्या वर्षी त्यांनी डासही मारला नाही आणि मलेरिया ओढवून घेतला. तापाने फणफणत असताना नोंद केली, की शील ठीक आहे, मच्छरदाणी आधी घ्यायला हवी होती.

मग आलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं. माझ्या मामेभावाच्या सोयरिकीत मुलीकडच्यांनी गमतीने विचारलं, मुलगा घोरतो का? भाऊजींनी कसा घोरतो ते करून दाखवलं.

त्याच वर्षी माझे बाबा आजारी पडले. आशा नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं आणि आम्ही ते बाबांपासून लपवलं. बहिणीने नवऱ्याला बजावलं, की खोटं बोलू नका, पण गप्प तरी बसा. ते बिचारे गप्प बसलेही. पण बाबांनी सगळ्यांदेखत त्यांनाच विचारलं, "जवाईबापू, तुमी खोटं नाई बोलत. मी वाचतो का?"

भाऊजींनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "नाई, बाबा."

मी भाऊजींना दवाखान्याच्या खोलीबाहेर काढलं. बाबांनी मात्र आपल्याला घरी न्यायला लावलं. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या काकांना बोलावून घेतलं आणि पुढचे दोन आठवडे दोघे भाऊ एकाच खाटेवर बसून जेवले. जायच्या आदल्या दिवशी बाबा मला म्हणाले, "जवायानं मले येळ देल्ला. त्याले सांगजो." मी सांगितलं नाही. आधी राग होता, आणि राग ओसरल्यावर लाज वाटत राहिली.

उरलेली शीलं भाऊजींनी घेतलीच नाहीत. आपण खरं बोललो ते बाबांसाठी की वहीसाठी, हे ठरत नाही, एवढंच म्हणायचे. या गोष्टीला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी ब्रह्मपुरीला गेलो आणि बाबांचा निरोप त्यांना सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "तवाच सांगाले पाह्यजे होतं, बाबू. मी रोज बाबाले माफी मांगून राह्यलो."