अकरावा फोटो

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सेलूत मला ओळखणारे लोक माझ्या बोलण्यातलं निम्मं कापतात, उरलेल्याचं पुन्हा निम्मं करतात आणि मग चहा मागवतात. दुधनेच्या पुलावरून मी असा मासा पाहिला की त्याचं शेपूट पार तिकडे मानवत गावात होतं, असं मी एकदा आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सांगितलं. हमालानं विचारलं, ‘‘आन तोंड?’’ मी म्हणालो, ‘‘तोंड अजून यायचंय.’’ तर असा मी. पण आज लिहितोय त्यातलं काही कापू नका. याच्यात मी भर घातलेली नाही; घालायची हिंमतच होत नाही.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती दोन-चार वर्षं. मी जिनिंगमध्ये कारकून होतो, आणि बदली होऊन निघालेल्या एका ओव्हरसियरकडून मी त्याचा जुना कॅमेरा घेतला होता. काळा डबा. एका रोलात बारा फोटो. पाठीला एक लाल काचेची टिकली, तिच्यात आकडा दिसायचा. फोटो काढायच्या आधी बाजूची किल्ली फिरवायची, पुढचा आकडा टिकलीत आला की थांबायचं आणि मग खटका दाबायचा. किल्ली फिरवण्याला गावोगावचे लोक ‘कान पिळणं’ म्हणायचे. पहिल्या रोलात बाराच्या बारा फोटोंत माझा अंगठा आला. पण काय अंगठा होता तो! परभणीच्या स्टुडिओवाल्यानं तो काचेत लावायला मागितला. (हे कापा.)

दर रविवारी मी गळ्यात डबा अडकवून, एसटीच्या टपावर सायकल टाकून निघायचो. दुसऱ्या रोलाचे दहा फोटो संपले होते, दोन उरले होते. शेवटचा चारठाण्याच्या जुन्या देवळापुढच्या दगडी खांबासाठी राखला होता. तो फोटो निघाला की देशभर माझं नाव होणार, याबद्दल माझी पूर्ण खात्री होती.

वाटेत जिंतूर रोडवरच्या एका गावात पाटलांनी अडवलं. जेवल्याशिवाय सोडेनात आणि जेवल्यावर फोटोशिवाय सोडेनात. ओसरीवरची खुर्ची अंगणात आली, फेटा आला, मिशीला तेल लागलं. मी कान पिळला, टिकलीत अकरा आला, खटका दाबला. पाटील खूश. अंगणाच्या कडेला एक म्हातारी ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवून सगळं बघितलं. ती बघतेय याची मी दखलही घेतली नाही.

गावाबाहेर पडताना तिच्याच नवऱ्यानं मला हाक मारली. हे मजूर कुटुंब, बौद्ध. घराच्या दारातून आत भिंतीवर बुद्धाचं चित्र दिसत होतं आणि बाहेर लिंबाखाली बाज टाकलेली होती. म्हातारी पाटलांकडून दुपारचं काम आटपून नुकतीच येऊन टेकली होती.

‘‘बाबू, आमची बी एक तसबीर काडा,’’ म्हातारा म्हणाला. निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस, फोटो म्हणायचाच नाही.

‘‘बाबा, पुन्हा येईन तेव्हा.’’

‘‘पुन्ना येऊन काय करता? डोळे जायलेत माझे. परभनीच्या डाक्टरनं सांगितलं, हे थांबायचे न्हाईत. आता इत्तं इत्तंच दिसायलंय.’’ त्यानं दोन हातांचं भगोणं, पातेल्यासारखा गोल, करून तेवढी जागा दाखवली. ‘‘हिला रोज बघतो. मला आरशात बघतो. पन दोघं मिळून कसे दिसतो ते कवाच बघितलं न्हाई. तेवडं बघून घ्यावं म्हनलं.’’

असं मागणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तरी मी खांबाचाच विचार करत होतो.

म्हातारी बसेना. ‘‘चाळीस वर्सं मागं-मागं चालले, आता शेजारी कशी बसू? लोकं हासत्याल.’’

‘‘हासू दे. हासलेलं तसबिरीत ऐकू येतंय व्हय? सर जवळ. बाभळीचे काटे हायेत का मला?’’

ती बाजेच्या टोकावर बसली. मधे एका माणसाची जागा. तो सरकला, ती सरकली, तो परत सरकला, आणि बाज संपल्यावर तिचा नाइलाज झाला.

तेवढ्यात मला युक्ती सुचली. कान पिळायचाच नाही! टिकलीत अकरा आहे, त्या जागी पाटील बसलेले आहेत, तिथं आणखी कुणी मावणार नाही. खटका दाबला तरी रोल काही खर्च होणार नाही, म्हाताराही खूश आणि माझा खांबही शाबूत. माझं फोटोशास्त्र तेव्हा एवढंच होतं. मी डोळा लावला, खटका दाबला.

‘‘आला?’’ म्हाताऱ्यानं विचारलं.

‘‘आला की! असा आलाय की सिनेमावाले बघायला येतील.’’

चारठाण्याचा बारावा फोटो अजून माझ्याकडे आहे. खांब तिरका आलाय आणि पायथ्याशी एक शेळी आहे. शेळी छान आलीय.

पंधरा दिवसांनी परभणीला धुतलेला रोल आणायला गेलो. स्टुडिओवाल्यानं एक फोटो वेगळा काढून ठेवला होता. ‘‘हे काय करून ठेवलंत?’’ असं म्हणत त्यानं तो माझ्यापुढे धरला. खुर्चीत पाटील, आणि पाटलांच्या छातीवर, पोटावर, गुडघ्यांवर ऐसपैस ती बाज, आणि बाजेवर दोघं. पाटलांची मिशी म्हातारीच्या पदरातून आरपार गेलेली. एका जागी दोन फोटो मावतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्या दोघांचे चेहरे असे स्वच्छ की पाटीलच भूत वाटावेत. म्हातारी खाली बघत होती. म्हातारा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. मान वळवून तिच्याकडे बघत होता.

फोटो होता, हे लक्षात घ्या. त्याला जे बघायचं होतं ते माझ्या हातात होतं, आणि त्याला अजून दिसत होतं. नेऊन दिला असता तर काम झालं असतं. पण ज्या माणसांना पाटील ओसरीची पायरी चढू देत नव्हते, ती त्यांच्या मांडीवर बसलेली! गावात हा फोटो गेला तर त्या दोघांचं काय होईल, असं मी स्वतःला समजावलं. हीसुद्धा थापच. माझं काय होईल, एवढाच माझा घोर होता. पाटलांना कळवलं, उन्हानं रोल जळाला. फोटो टेबलाच्या खणात, जिनिंगच्या पावत्यांखाली टाकला.

महिन्याभरात बाजाराच्या दिवशी म्हातारा जिनिंगच्या फाटकात हजर. ‘‘बाबू, तसबीर?’’

रोल जळाला, असं त्यालाही सांगता आलं असतं. पण साधी थाप मारणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणालो, ‘‘बाबा, तुमचा फोटो इतका झकास आलाय की तो दिल्लीला मागवून घेतला. तिथं प्रदर्शनात लागणार आहे.’’

‘‘दिल्लीला?’’ तो जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, ‘‘ही बी हाय ना त्याच्यात?’’

‘‘मग! दोघांचा!’’

पुढच्या खेपेला मी दिल्लीत रांग लावली. त्याच्या पुढच्या खेपेला रांगेत परदेशी साहेब उभे केले. जिंतूर गाडीचा कंडक्टर मला सांगायचा, तुमच्या त्या म्हाताऱ्यानं सगळ्या गाडीला दिल्लीचं ऐकवलं. आणि दर खेपेला मी बघत होतो, म्हातारा फाटकापासून टेबलापर्यंत यायला जास्त वेळ घेतोय, भिंतीला हात लावून येतोय. शेवटच्या वेळी म्हातारी त्याला धरून घेऊन आली होती. ती आत आली नाही. फाटकातून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हाताखाली खण होता, खणात फोटो. उघडायला किती वेळ लागतो? मी त्याला सांगितलं, ‘‘दिल्लीहून निघालाय.’’

मग तो यायचा बंद झाला.

पाऊसकाळ सरल्यावर, ज्वारीच्या पेरणीच्या सुमारास मी नवा कोरा रोल भरला, खणातला फोटो खिशात घातला आणि त्या गावाला गेलो. म्हातारा लिंबाखाली बाजेवरच होता. माझी चाहूल लागल्यावर त्यानं मान वर केली, पण मी होतो डावीकडे आणि तो बघत होता उजवीकडे.

म्हातारी दारात होती. मी तिला त्याच्या शेजारी बसायची खूण केली आणि कान पिळला. मुद्दाम जोरात पिळला, करकर आवाज येईल असा.

‘‘आता कामून पिळायलाय?’’ म्हातारी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘‘पाटलाच्या येळंला आदी पिळला, मंग टचकन केलं. आमच्या येळंला पिळलाच न्हाई. मला तवाच कळलं व्हतं.’’

‘‘माय, मग तुम्ही बोलला का नाही?’’

‘‘काय बोलू? ह्यो लय खूश व्हता.’’

मी खिशातून अकरावा फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि तोंडाला पदर लावून अशी हसली की बाज हलायला लागली. ‘‘अगं माय! पाटलाच्या मांडीवर बसलो की आमी!’’

‘‘काय झालं? काय झालं?’’ म्हातारा चाचपडत विचारू लागला.

मी सगळं सांगितलं. कान न पिळल्याचं, खांबाचं, खणाचं. दिल्ली नाही, रांग नाही, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी भर न घालता बोलत होतो, आणि जीभ अशी जड झाली होती की शब्द एकेक करून उचलावा लागत होता.

म्हातारा ऐकून घेऊन हसला. ‘‘बाबू, तुमी लय नकली मानूस. पाटलाच्या मांडीवर म्हने! कुनाला बनवायलाय? दिल्लीचंच सांगा की खरं.’’

मी म्हातारीकडे बघितलं. ‘‘सांगा की,’’ ती म्हणाली. ‘‘त्याला दिल्लीचंच सांगा आता.’’

आणि मला, शेपूट मानवतला पोचवणाऱ्या माणसाला, एक शब्द सुचेना.

शेवटी त्यानंच विचारलं, ‘‘बरं, कसे दिसतो आमी?’’

‘‘तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नाही, बाबा. मान वळवून यांच्याकडे बघताय.’’

‘‘आन ही? हासलीय का?’’

हसलीय, असं म्हणणं किती सोपं होतं. ‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘खाली बघतायत. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलंय.’’

मग त्यानं हात पुढे केला, म्हातारीनं फोटो त्याच्या हातात दिला. तो अंगठ्यानं कागद चाचपत राहिला. ‘‘धरनारच,’’ तो म्हणाला. ‘‘हे मातर खरं हाय.’’

म्हातारीनं फोटो परत घेतला आणि पेटीत तळाला घातला. ‘‘पाटील हाय तंवर भाईर काडत न्हाई,’’ ती मला म्हणाली. त्या दिवशी त्यांचे बारा फोटो काढले, प्रत्येक वेळी कान पिळून. बाराही चांगले आले, आणि पुढच्याच रविवारी नेऊन दिले. म्हातारीनं एकेक बघून त्याला सांगितला.

पण त्या अकराव्या फोटोवर पावत्या पडलेल्या होत्या तेव्हा त्याला दिसत होतं. इत्तं इत्तं, दोन हातांच्या भगोण्याएवढं. फोटो त्याहून लहान होता.