पारोसा होन

इंदरगंजच्या चौकातून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत, अत्तरवाल्याच्या दुकानाला लागून, रामाचं एक लहानसं देऊळ होतं. तीन दगडी पायऱ्या, एक घंटा आणि आत काळ्या पाषाणाच्या वीतभर मूर्ती. त्या देवळाचे पुजारी भालचंद्र गुरुजी. त्यांचे आजोबा वाईहून कुणा सरदाराचे उपाध्ये म्हणून ग्वाल्हेरला आले आणि इकडचेच होऊन गेले. नातवानं वाई पाहिलीसुद्धा नव्हती. गुरुजी वाक्य मराठीत सुरू करायचे आणि ते संपेपर्यंत त्याला चंबळेचं पाणी लागलेलं असायचं.

सराफ्यात गुरुजींची ओळख होती ती पूजेमुळं नव्हे, त्यांच्या डब्यामुळं.

खोटं नाणं हातात आलं की माणूस आधी ते भाजीवालीला देऊन बघतो. ती परत करते. टांगेवाला तोंडावर फेकतो. मग ते देवळात येतं. डोळे मिटलेले, ओठांवर रामनाम, आणि बोटांतून शिशाचा रुपया हळूच तबकात. देवाला आलेली वस्तू फेकायची नाही, आणि बाजारात चालवायची तर मुळीच नाही, असं गुरुजींच्या आजोबांनी ठरवून ठेवलं होतं. मग त्यांनी एक पितळी डबा केला. तीन पिढ्यांत तो गळ्याशी आला. शिशाचे, कथलाचे, तांब्यावर मुलामा दिलेले, साच्यात ओतलेले, सगळ्या जातीचे खोटे त्यात सुखानं नांदत होते.

गुरुजी लहानपणी ह्या डब्याशीच खेळले. त्यामुळं दुसऱ्याला दिव्याशी धरून जे दिसायचं नाही ते त्यांच्या बोटांना कळायचं. नाणं पायरीवर टाकायचं आणि कान द्यायचा. मग कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. ओतलेल्या नाण्याच्या कडेला साच्याच्या दोन फाकांची रेघ राहते. कानस मारून ती डोळ्यांना दिसेनाशी करता येते, नखाला मात्र लागतेच. सराफ्यातले मुनीम शंका आली की पायरीवर येऊन बसायचे, "गुरुजी, जरा देखो तो," म्हणायचे, आणि गुरुजी फुलं निवडता निवडता सांगून टाकायचे.

खऱ्या नाण्यांचा नाद मात्र त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी लागला, आणि तो लावला जगदेवरावांनी. जगदेवराव संस्थानच्या रिसाल्यातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, राहायला कंपू मोहल्ल्यात, संध्याकाळच्या आरतीला कधी न चुकणारे. त्यांना परसात आंब्याचं आळं खणताना तांब्याचं एक जाड, ओबडधोबड नाणं सापडलं. ते त्यांनी गुरुजींपुढं ठेवलं. गुरुजींनी ते पायरीवर टाकलं, नख फिरवलं, परत टाकलं. मग म्हणाले, "सगळी उमर खोट्यांच्या संगतीत गेली, राव. आता चार खरी तर बघू."

नवख्या माणसाचं जे होतं ते त्यांचंही झालं. पहिल्या दिवाळीला त्यांनी आपली सहा नाणी चिंच आणि राखेनं लखलखीत घासली. सराफ्यातल्या म्हाताऱ्या सराफानं ती हातात घेतली आणि हळहळत म्हटलं, की पंडितजी, तोंड धुवायला सांगितलं तर तुम्ही चामडीच काढून आणलीत. दुसऱ्या खेपेला एक सुरेख रुपया घेतला, तर त्याचं माळेत ओवायचं भोक चांदीनं बुजवलेलं निघालं. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्यानं सत्तावनच्या गदरच्या वेळी विहिरीत टाकलेल्या हंड्याची गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की गुरुजींनी अंगावरची नवी धाबळी देऊन त्याच्याकडून तीन पैसे घेतले. तसले पैसे झाशीच्या बाजारात ढिगानं मिळत होते. जगदेवरावांनी विचारपूस केली आणि थंडीत कुडकुडणाऱ्या गुरुजींकडं बघून म्हणाले, "तुम्ही नाणं नाही घेतलंत, किस्सा घेतलात."

तेव्हापासून गुरुजी सावध झाले. गोष्ट सुरू झाली की कान मिटायचे आणि नख पुढं करायचं. दोन वर्षं कुणी त्यांना फसवू शकलं नाही.

मग एकतीस सालच्या थंडीतला मेळा आला.

मेळ्यात घोडे, उंट, मुरैन्याची तिळाची गजक आणि कानपूरच्या चामडी जोड्यांच्या रांगा ओलांडून गेलं की जुन्या सामानवाल्यांच्या चादरी लागायच्या. तिथं दौलतसिंह नावाचा एक व्यापारी बसला होता. पांढरी मिशी, स्वच्छ कपडे, बोलणं कमी. गुरुजींनी त्याच्या चादरीवरचं एक नाणं उचललं, कडेवर नख फिरवलं आणि न बोलता खाली ठेवलं. दौलतसिंहाची नजर त्या नखावरून गळ्यातल्या जानव्यावर गेली, तिथून उजव्या कानातल्या भिकबाळीवर. तो नुसता हसला. गुरुजी तिसऱ्यांदा गेले तेव्हा बरोबर जगदेवराव होते. त्या दिवशी दौलतसिंहानं कमरेची लाल पुरचुंडी सोडली.

आत विड्याच्या सुकल्या पानावर करंगळीच्या नखाएवढं सोन्याचं नाणं होतं. हळदीकुंकवानं पुरतं माखलेलं. कुंकवाच्या थरातून अक्षरं वर आली होती. एक 'श्री', खाली 'राजा', त्याखाली 'शिव'.

जगदेवरावांनी डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. रायगडावर पाडलेल्या होनाबद्दल दोघांनी लहानपणापासून ऐकलं होतं. पाहिलेला माणूस मात्र ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एकही नव्हता.

झाशीला एक दक्षिणी विधवा होती, दौलतसिंह हळू आवाजात सांगत होता. तिच्या देवघरात हा होन तीन पिढ्या पूजेत होता. ती गेली, मागं कुणी नाही. त्याला ह्याचे पैसे नकोत. त्याच्या एका रईस गिऱ्हाइकाला जुन्या दक्षिणी दागिन्यांचा शौक आहे. पंडितजींनी कानातली बाळी द्यावी आणि होन घेऊन जावा.

जगदेवरावांचा शिपाईगडी स्वभाव थोडा जागा झाला. सराफ्यातल्या कसोटीच्या दगडावर होन एकदा घासून बघावा, असं त्यांनी पुटपुटून पाहिलं. गुरुजींनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की त्यांचं बोलणं तिथंच राहिलं.

"महाराजांचं नाणं दगडावर घासू?" गुरुजी म्हणाले. "आणि पायरीवर आपटू?"

जगदेवरावांनी पागोटं परत डोक्यावर ठेवलं. गुरुजींनी होन कपाळाला लावला. कडेवर नख फिरवायचं तर कुंकू खरवडलं गेलं असतं, म्हणून तेही फिरवलं नाही.

आता ह्या भिकबाळीचं असं होतं. गुरुजींच्या आधीची चार भावंडं वर्षाच्या आत गेली. पाचव्या वेळी त्यांच्या आईनं पदर पसरून पाच घरी गुंजगुंज सोनं मागितलं आणि ह्या मुलाच्या कानात भिकेची बाळी घातली, की दृष्ट लागू नये, मरण फिरकू नये. दोन मोती आणि मध्ये माणिक पुढं मुंजीत आजोबांनी ओवले. चाळीस वर्षं ती कानातून निघाली नव्हती. तार पाळीत रुतून बसली होती. आता सोनारानंच कापायला हवी होती.

दौलतसिंहाला त्याची काही घाई नव्हती. परवा सकाळी तो स्वतः सोनाराला घेऊन देवळात येणार होता. तोवर होन पंडितजींनी घरी न्यावा, देवात ठेवावा. "आपका तो घर ही मंदिर है," तो म्हणाला. देवात दोन दिवस बसलेली वस्तू हा माणूस परत उठवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरी आल्यावर गुरुजींनी होन देवघरात नव्या पानावर ठेवला आणि विमलबाईंना सगळं सांगितलं. विमलबाई म्हणजे त्यांची बायको. उंचीनं ठेंगणी, बोलायला सावकाश, आणि तीस वर्षांत सासूच्या शब्दाबाहेर न गेलेली. सासू जाऊन बारा वर्षं झाली तरी. त्यांनी होनाला नमस्कार केला. मग नवऱ्याच्या कानाकडं बघत राहिल्या.

"आईंनी पाच घरं मागितली होती," एवढंच म्हणाल्या.

सोन्याच्या बदल्यात सोनंच तर घेतोय, असं गुरुजींनी समजावलं. आणि कुणाचं सोनं, ते बघ. विमलबाई चूल पेटवायला गेल्या. गुरुजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. हात सारखा कानाकडं जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळातली पूजा उरकून गुरुजी घरच्या पूजेला बसले. विमलबाई समोर तुळशीची पानं खुडत होत्या. गुरुजींनी एकेक देव ताम्हनात घेतला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक. पळीनं पाणी घातलं, पुसलं, जागेवर ठेवलं, गंध लावलं. होन तेवढा पानावर तसाच राहिला.

"त्यांना नाही घालायची अंघोळ?" विमलबाईंनी विचारलं.

"कुंकू जाईल. तीन पिढ्यांचं आहे ते."

विमलबाईंनी आणखी चार पानं खुडली. मग मान वर न करता म्हणाल्या, "अहो, तीन पिढ्या पूजेत होता ना? मग त्या बाईनं एकदा तरी अंघोळ घातली असेल की नाही?"

गुरुजींचा हात पळीवर थांबला.

"आपली अन्नपूर्णा बघा. धुऊन पुसून नाक राहिलं नाही बिचारीला. कुंकू राहिलंय ते फक्त पदराच्या खाचेत. आणि हे बघा, पुढून कुंकू, मागून कुंकू, कडेला कुंकू. देवाच्या पाठीला कुंकू लावतं का कुणी? पारोसा आहे हो तो. त्याला कधी अंघोळ मिळालेलीच नाही."

गुरुजींनी होन उचलून उलटसुलट करून पाहिला. दगडावर घासणं वेगळं, पायरीवर आपटणं वेगळं. अंघोळीत कसला आलाय अपमान. त्यांनी होन ताम्हनात ठेवला आणि नाव घेऊन पाणी घातलं.

कुंकू हललं नाही. पाणी वरून ओघळून गेलं. कुंकू तेलात कालवून लावलेलं होतं. गुरुजींनी पंचामृतातलं दही घेतलं, अंगठ्यानं हलके चोळलं, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा दही. तिसऱ्या खेपेला ताम्हन लाल झालं आणि होन उघडा पडला. 'श्री'ची वेलांटी जिथं सगळ्यात उंच होती तिथं खालचं तांबं दिसत होतं.

त्यांनी तो कोरड्या वस्त्रानं पुसला, उजेडाकडं वळले आणि कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग उलट बाजूनं फिरवलं. डोळे मिटलेले होते. डब्यातल्या कितीतरी नाण्यांच्या कडेला होती तीच रेघ.

"लागली," ते म्हणाले.

विमलबाईंनी तुळशीचं तबक पुढं सरकवलं.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला दौलतसिंह आला. बरोबर सोनार, हातात लहान कात्री आणि फुंकणी. जगदेवरावही येऊन खांबाशी बसले होते. गुरुजींनी पानावर ठेवलेला होन पुढं केला. दौलतसिंहानं तो हातात घेऊन पाहिला आणि त्याची मिशी जराशी खाली आली.

"पंडितजी, धो दिया?"

"आमच्याकडे देव पारोसा राहत नाही, ठाकूरसाब. नहलाना पड़ता है."

दौलतसिंह पायरीवर टेकला. मग म्हणाला, की त्यालाही कुणीतरी असाच दिला होता. ते खरं की आणखी एक किस्सा, हे गुरुजींनी विचारलं नाही. जगदेवराव मात्र खांबापासून म्हणाले, की ठाकूरसाब, निदान कुंकू तरी देवाला लावतात तसं कोरडं लावायचं. दौलतसिंहाला हसू आलं.

सोनार रिकामा उभा होता. देवळामागच्या घरातून विमलबाई बाहेर आल्या. दादा, आलाच आहात तर ह्यांच्या बाळीची तार जरा सैल करून द्या, म्हणाल्या. थंडीत कान सुजतो त्यांचा. सोनारानं गुरुजींना उजेडात बसवलं आणि कापायची ती तार पाव वेढा उलगडून सैल केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा भिकबाळी कानात फिरली.

जाताना दौलतसिंह गाभाऱ्यापुढं थांबला. डोळे मिटले, हात जोडले. तबकात काहीतरी टणकन पडलं. सोन्याचा आवाज तसा येत नाही.

आरतीनंतर गुरुजींनी तबक रिकामं केलं आणि डबा काढला. त्या शिशाकथलाच्या गर्दीत तो होन टाकायचा म्हटलं तर त्यांचा हात होईना. त्यावर महाराजांचं नाव होतं. शेवटी विमलबाईंनी लाल खणाचा एक तुकडा दिला. त्यात गुंडाळून गुरुजींनी तो सगळ्यांच्या वर ठेवला.

पुढं त्यांनी खरी नाणी जमवली, पण फार नाही. एका चंदनाच्या डबीत मावतील एवढीच. कुणी नवखा देवघरातून निघालेलं नाणं म्हणून काही घेऊन आला, की ते हातात घ्यायच्या आधी गुरुजी ताम्हन पुढं करायचे. आणि दरवर्षी मेळा भरला की गुरुजी तिकडं निघताना विमलबाई त्यांच्या कानाकडं एकदा बघायच्या, ते परत आल्यावर एकदा बघायच्या.