गयाबाईची झोप

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांच्यासोबत अकरा वर्षं काम केलं त्या डॉक्टरबाईंना तर नाहीच. आता मी सत्तरी ओलांडली, डॉक्टरबाईही गेल्या — म्हणून मला धीर आला, असं समजू नका. धीरबीर काही आलेला नाही. दुपारी जरा डोळा लागला की ती खोली दिसते, आणि जाग आली की वाटतं, सांगून टाकावं. तुम्ही ऐकताय ना? मग बसा निवांत. मी मात्र आडवळणानं येईन हं. सरळ येता आलं असतं तर एवढी वर्षं लागली असती का?

खोलीपासून सुरू करते. खोलीबद्दल मला बोलता येतं.

तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. चिकलठाण्याचे कारखाने भरात होते, वाळूजला नवे उभे राहत होते. कंपन्यांच्या बसगाड्या माणसं भरभरून न्यायच्या. उन्हातान्हात राबलेली शेतातली माणसं पाळ्यांमध्ये काम करायला लागली आणि कुणाची भूक गेली, कुणाची झोप गेली, कुणाची बायको पत्र्याच्या खोलीत दिवसभर एकटी बसून भिंतीशी बोलायला लागली. अशा माणसांसाठी डॉक्टरबाईंनी उस्मानपुऱ्यात एका बंगल्याच्या माडीवर दवाखाना काढला. त्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर. मी पिशोरची, पाटलाच्या घरातली, मानसशास्त्रात एम.ए. करून रिकामी बसलेली. औषधं त्यांनी द्यायची, माणसांचं बोलणं मी ऐकायचं, असं ठरलं.

पण ऐकणार कुणाचं? पहिल्या महिन्यात तिथं कुणी टिकेचना. लोक जिना चढून यायचे, दारातून आतलं टेबल, खुर्च्या, पांढरा पडदा बघायचे आणि आल्या पावली परत जायचे. येड्यांचा दवाखाना म्हणायचे. टेबलापलीकडं कुणी बसलेलं दिसलं की आमच्याकडच्या माणसाला तलाठी आठवतो. तो काय मन मोकळं करणार, कपाळ?

मग मी टेबल काढलं, खुर्च्या काढल्या. खाली शहाबादी फरशी होती, तिच्यावर जाजम घातलं आणि दोन भिंतींना लागून समोरासमोर दोन गाद्या, त्यांच्यावर लोड. डॉक्टरबाईसुद्धा खालीच बसतील, सगळे एका उंचीवर. कापूस आमच्या शेतातला. खोळी मी स्वतः शिवल्या, फिकट पिस्त्याच्या रंगाच्या, एका बाजूला नाड्या. भिंतींना चुन्यात किंचित नीळ घालून हात दिला. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागं लावलं, त्याला वेळ दिसू नये म्हणून. चपला जिन्यात ठेवायच्या नाहीत, आत पडद्यामागच्या फळीवर ठेवायच्या — कारण कुणाची चप्पल कुठल्या जिन्यात दिसली यावरूनसुद्धा बोभाटा होतो आपल्याकडं. जुन्या मऊ लुगड्यांचे चौकोनी तुकडे करून टोपलीत घडी घालून ठेवले. रडू आलं तर कुणाला काही मागावं लागू नये.

खिडकीबाहेर कडुलिंब होता. दुपारी त्याची सावली त्या निळसर भिंतीवर उतरायची आणि हलत राहायची. बोलता बोलता समोरचं माणूस थांबायचं, आम्ही दोघंही ती सावली बघत बसायचो. किती वेळ, कुणास ठाऊक. मला अजून त्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं, पायाखाली गार फरशी लागते, माठाचा ओला वास येतो. आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट मनासारखी केली. स्वतःच्या घरातसुद्धा असं सुचलं नाही मला.

माणसं टिकायला लागली. चहाचे कप सगळ्यांना एकच, माठ एकच, हे मी जरा मोठ्यानंच सांगायची. दिवसच तसे होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा दुभंगला होता. खिडकीखालून मोर्चे जायचे, मग मी हळूच खिडकी लोटून घ्यायची. मी नामांतराच्या बाजूची होते — म्हणजे उस्मानपुऱ्यात. पिशोरला गेले की चुलते नको नको ते बोलायचे आणि मी मान खाली घालून भाकरी थापत राहायची. पण कबूल करायचं आहे ते हे नाही. एवढा भित्रेपणा तेव्हा घरोघरी होता.

गयाबाईचं सांगायचं आहे.

पस्तिशीची असेल. बिडकीनच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नामांतराच्या दंगलीत तिची वस्ती जाळली होती, आणि जाळली ती गावातल्याच लोकांनी, ज्यांच्या शेतात ती खुरपायला जायची त्यांनी. माझ्यासारख्याच घरांतल्या लोकांनी. नवरा, ती आणि कडेवरची मुलगी नेसत्या कपड्यानिशी शहरात आली. नवऱ्याला चिकलठाण्यात काम मिळालं, मुकुंदवाडीत खोली मिळाली, मुलगी शाळेत जायला लागली. सगळं मार्गी लागलं, फक्त गयाबाईला झोप येईना. दाराला पाठ टेकून बसून राहायची. आडवी झाली की जळक्या कुडाचा वास यायचा तिला. आठ वर्षं झाली होती या गोष्टीला. ती बांधकामावर जायची, तिथं डुलकी लागून एकदा पाटीसकट पडली आणि हात मोडून घेतला. डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळ्यांनी नुसती गुंगी येतेय तिला. झोप आली नाही तर ही बाई पुढच्या वेळी जिवानिशी जाईल." म्हणजे गयाबाईचा जीव माझ्या खोलीवर आला होता, म्हणा ना.

पहिल्या दिवशी ती जाजमाच्याही बाहेर, उघड्या फरशीवर बसली. मी म्हणाले, "गयाबाई, गादीवर बसा."

"बरं हाय इथंच, ताई."

मी दर वेळी म्हणायची. ती दर वेळी तेच उत्तर द्यायची. कधीतरी जाजमावर आली. मग एकदा गादीच्या कडेला टेकली, अगदी उठायच्या बेतात. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आज एक बाई गादीवर बसली! तो बघतच राहिला माझ्याकडं.

आणि मग तो गुरुवार आला. ती आली, बसली, लोडाला टेकली. मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होती. भिंतीवर सावली हलत होती. तिचे शब्द संथ होत गेले, लांब लांब पडत गेले, आणि मी बघते तर — गयाबाई झोपली होती. तोंड किंचित उघडं, मोडून बसलेला हात पोटावर. डॉक्टरबाई दारात आल्या, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले. बाहेरचे लोक त्यांनी खालीच थांबवले. तासभर मी जागची हलले नाही. पाय बधिर झाला तरी हलले नाही. त्या तासात मला असं वाटलं की सगळं गाव, सगळं शहर निजलं आहे, कुणी कुणाला काही केलेलं नाही, आणि हे सगळं या बाईच्या श्वासावर तरंगतं आहे. खरंच वाटलं तसं. ते खोटं नव्हतं, आणि तेच तर मला कळत नाही.

कारण ती उठली, लाजून हसली, चपला घालून जिना उतरली — आणि मी उठून त्या गादीची खोळ काढली. लोडाचीही काढली. खोलीच्याच कोपऱ्यातल्या मोरीत नेऊन बादलीत भिजवली.

आता आलं ना ध्यानात? खोळी दर शनिवारी धुवायचा नियम होता, माझाच नियम. सगळ्यांच्या शनिवारी, गयाबाईची त्याच दिवशी. ती कडेला टेकली होती तेव्हापासून माझं हे चाललं होतं. का? हात आपोआप गेले म्हणू? हात आपोआप नाड्यांच्या गाठी सोडत नाहीत. आईनं तसं वळण लावलं म्हणू? आईला त्या खोलीत मी कधी पाऊलही ठेवू दिलं नव्हतं. मीच केलं ते, साबण लावून, नीट चोळून.

आणि दाराचा पडदा सरला. गयाबाई औषधाची चिठ्ठी विसरली होती, ती न्यायला परत आली होती.

माझे हात कोपरापर्यंत फेसात. तिची गादी उघडी पडलेली, आतला पट्ट्यापट्ट्यांचा कपडा दिसत होता. समोरच्या गादीवर, एका बागायतदाराच्या बायकोनं बुधवारी सांडलेल्या चहाचा डाग होता, ताटलीएवढा. तो शनिवारची वाट बघत होता. गयाबाईनं उघड्या गादीकडं पाहिलं, मग त्या डागाकडं, मग बादलीकडं. घाईनं नाही, अगदी सावकाश.

मग म्हणाली, "ताई, माझ्या डोक्याचं तेल लागलं व्हय?"

बघा, वाट करून दिली तिनं मला. जिचं घर जाळलं, तिनं मला लाज राखायला वाट करून दिली.

मी म्हणाले, "हो, तेल लागलं."

"मंग द्या इकडं. मी पिळते."

आणि मी दिली. तिनं दोन्ही खोळी पिळल्या, त्या मोडून बसलेल्या हातानं. गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातल्या, चारी टोकं ताणून. चिठ्ठी घेतली आणि गेली. नंतर ती कधी आली नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, निरोप आला होता, आता झोप लागते तिला. त्यांनी कागदावर "बरी झाली" असं लिहिलं. नुसतं लिहून थांबल्या नाहीत, जिथं भाषण असेल तिथं सांगायच्या — आमच्या खोलीत एक बाई आठ वर्षांनी झोपली. लोक टाळ्या वाजवायचे. पुण्याहून, नागपूरहून माणसं खोली बघायला यायची, गाद्यांची मापं लिहून न्यायची, आणि मी त्यांना घड्याळ कुठं लावायचं ते समजावून सांगायची. त्यातल्या कुणाला मी थांबवलं का? नाही. मला आवडायचं ते.

पुढं बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. रस्त्यांवर निळे झेंडे, पेढे, गुलाल. मला कुठून बळ आलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी मुकुंदवाडी गाठली. जुना पत्ता होता माझ्याकडं. माफी मागायचीच, असं ठरवून निघाले होते. बसमध्ये वाक्यं जुळवत होते.

गयाबाई दारातच बसली होती, चौकटीला पाठ लावून. केस पांढरे झालेले, डोळे लाल. मला पाहून चटकन उठली. "ताई, तुमी!" म्हणाली, आत गेली, पाणी आणलं. ते मी गटागटा प्यायले, आणि सांगायला लाज वाटते, पण पाणी प्यायल्याचा त्या क्षणीसुद्धा मला अभिमान वाटला. मग तिनं आतून गोधडी आणली, दारातली जागा पदरानं झटकली आणि अंथरली. "बसा."

मी विचारलं, "झोप लागते का आता?"

"कुठं, ताई. तुमच्या तिथं लागली व्हती, तेवढीच." टोमणा नव्हता त्यात. विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

जुळवलेली वाक्यं सगळी ओठांपर्यंत आली होती. मी म्हणाले, "येते गयाबाई, बस चुकेल." बस दर दहा मिनिटांना होती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आम्हा दोघींच्या मधे ती गोधडी अंथरलेली होती, स्वच्छ, उन्हात वाळवलेली, आणि मी तिच्यावर बसले नाही.