गावच्या शेडखाली

युद्धाच्या काळात सारा देश एक होतो. आमचं गाव तर इतकं एक झालं, की ठाकरवाडीतल्या बाईला बसायला खुर्ची मिळाली.

आमचं गाव कुरवंड्याच्या अंगाला, वाडी त्याच्या वरच्या चढावर. मी फौजेत हवालदार होतो. वाडीतला पहिला फौजी, लान्स नायक महादू, माझ्याच प्लाटूनमध्ये रेडिओ सेट सांभाळायचा. सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. महादूची बायको चांगुणा भातलावणीला एकटी पडली. वाडीत रेंज नसल्यानं फोनसाठी ती आमच्या घरी यायची. पूर्वी तिला अंगणात उभं ठेवत. आता ओट्यावर खुर्ची आणि चहा. कप मात्र वेगळा, असं माझ्या बायकोनं कळवलं. युद्धातही शिस्त हवीच.

त्याच पावसाळ्यात महादूची आई वारली. वाडीच्या स्मशानाला छप्पर नाही, आणि गावच्या स्मशानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गावानं नेऊ दिलं नाही. म्हातारी भर पावसात दोन दिवस अर्धवट जळत राहिली. चांगुणानं हे महादूला फोनवर सांगितलं. त्यानं सेटची बॅटरी बदलता बदलता मला सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

महिनाभरानं एका सकाळी शेलिंग सुरू झालं. महादू पुढच्या पोस्टवर होता.

"लाइन ओके. ओव्हर," सेटवर तो म्हणाला.

मी रिपोर्ट मागितला. उत्तर आलं नाही. पुन्हा मागितला.

महादूच्या पेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून गावी मीच आलो. पाऊस होता. शाळेच्या मैदानात मंडप होता. फ्लेक्सवर महादूचा फोटो पासपोर्टएवढा, हात जोडलेले पुढारी पूर्ण आकाराचे. सरपंच अण्णा माझे चुलतभाऊ. त्यांनी जाहीर केलं, की अंत्यसंस्कार गावच्या शेडमध्ये, सरकारी इतमामात होतील. चांगुणा खुर्चीवरून उठली.

"अण्णा, यांना हितं जाळताय, तर आजपासनं वाडीतलं कुनीबी मेलं तरी हितंच."

"पुढचं पुढं बघू, बाई. ही काय येळ हाय?"

"मग यांना वर न्हेते. भाऊ, पेटी उचला."

पेटी नातेवाइकांच्या ताब्यात द्यायची, असा मला आदेश होता. नातेवाईक ती होती. मी खूण केली. सहा जवानांनी पेटी खांद्यावर घेतली आणि चढाकडं तोंड केलं. तेवढ्यात अंत्यसंस्काराला येणारे मंत्री उर्से टोलनाक्यावर पोचल्याचा फोन आला. अण्णांनी मंडपाकडं पाहिलं, मग चिखलाच्या पायवाटेकडं.

"बरं. हितंच."

"माइकवर बोला," ती म्हणाली.

ते माइकवर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते बऱ्याच जणांना नंतर कळलं.

बंदुका उलट्या धरून शोकशस्त्र झालं. हवेत फैरी झाल्या. घडी केलेला तिरंगा मी तिच्या हातात दिला. ती रडली नाही. मीही नाही. चिता नीट जळली.

गावानं शब्द मोडला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ओढ्याच्या अलीकडं स्वतःसाठी नवी शेड बांधली, फरशी घालून, आणि जुनी वाडीला सोडली. जुन्या शेडवर महादूची पाटी आहे. नाव, हुद्दा, नंबर, सगळं बरोबर आहे. दर वैशाखात चांगुणा वाडीतल्या बायकांना घेऊन या शेडचे पत्रे नीट करते.

नवी गळते.