रुमालाखालचा उघडा तळवा

जनावरांच्या बाजारात जुने लोक भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात. किती बोटं दाबली त्यावरून आकडा कळतो, भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. ही बोटांची बोली मला बाबांनी शिकवली. घरी आईच्या पदराखाली ते माझ्याशी खोटा सौदा करायचे, मला घाम फोडायचे आणि शेवटी एकही बोट न दाबता उघडा तळवा माझ्या हातावर ठेवायचे. त्याचा अर्थ, तू म्हणशील ते. बाजारात असं कुणी करत नाही. केलं तर दिवाळं निघेल. बाबा म्हणायचे, देवाने आपल्याशी असाच सौदा केला, आपण काही मागायच्या आधीच हात मोकळा ठेवला. आमचं घर ख्रिस्ती, पण हे बोलणं मला भाबडं वाटायचं. एका शेळीवर सुरू केलेला धंदा मी बैलांपर्यंत नेला, तो कुणापुढे तळवा ठेवून नव्हे.

पाच वर्षांपूर्वी बाबा विष्णुपुरीला दादाच्या घरी वारले. त्या दिवशी मी देगलूरच्या बाजारात होतो. दादाचा फोन आला तो संध्याकाळी. मी पोचलो तेव्हा दफन उरकलं होतं, ओल्या मातीवर झेंडूची फुलं होती. मी कबरीपाशीच दादाला नाही नाही ते बोललो, आणि नंतर बोलणंच टाकलं. माझी अट एकच होती. त्याने आधी यावं आणि चर्चच्या मंडळीसमोर चूक कबूल करावी. सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो खाली येतो. भावाशी वैर ठेवून प्रभुभोजनाला येऊ नका, असं पाळकसाहेबांनी समजावलं, तर मी त्यांच्यावरच आवाज चढवला. अन्याय माझ्यावर झाला होता. दर महिन्याला मी वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकत राहिलो, प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी तळवे पुढे करत राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात उदगीरच्या बाजारात माझी खिलारी जोडी उभी होती. भर दुपार. वारा पडलेला. कर्नाटकाकडचा एक म्हातारा शेतकरी आला, दात बघितले, खुरं बघितली आणि रुमाल टाकून हात पुढे केला. मी हात धरला आणि बैलांनी रवंथ थांबवला. दोघांनी माना एकाच बाजूला वळवल्या, म्हाताऱ्याच्या मागे, जिथे कुणीच नव्हतं.

म्हातारा बोट दाबेना. मी सवयीने त्याची बोटं चाचपली. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळी अर्धीच होती. बाबांची करंगळी कडबा कापायच्या यंत्रात अर्धी गेली होती. हीही त्याच जागी तुटलेली, टोकाला तशीच कडक गाठ. मग ती बोटं सुटली आणि उघडा तळवा माझ्या हातावर येऊन थांबला.

मी रुमाल ओढला. म्हाताऱ्याची पाचही बोटं धड होती.

त्याने आपला हात धोतराला पुसला. "शेठ, तुमचा हात लई गार हाय," तो म्हणाला. "मेलेल्या माणसावानी."

जोडी विकली नाही. गड्याच्या हवाली केली आणि मिळेल त्या गाडीने नांदेड गाठलं. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. आधी त्याने काय म्हणायचं, मग मी किती नमतं घ्यायचं. विष्णुपुरीत उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. दादा अंगणात खांद्यावर टॉवेल टाकून बसला होता. मी काही बोलायच्या आत तोच बोलला.

"बाबांनीच अडवलं होतं रे. म्हणाले, त्याचा बाजार हाय, उठल्याबिगर फोन करू नका."

मी म्हणालो, बाबा असं का म्हणतील?

"तूच म्हणाला होतास की. त्याआधी बाबांना दवाखान्यात नेलं आणि मी फोन केला तेव्हा. बाजारात असताना फोन करायचा न्हाई, काही झालं तरी. फोन बाबांच्या उशाशी होता, त्यांनी ऐकलं."

मला आठवलं. बैलाच्या गळ्यातला दोर हातात धरून मी ते ओरडलो होतो. समोर गिऱ्हाईक होतं.

"चार वर्षं का नाही सांगितलंस?"

"तुला लागलं असतं," तो म्हणाला. "सकाळी गेले. बाजार उठेपर्यंत फोन केला न्हाई. पण उन्हात बाबांना तेवढं ठेवता येईना, दुपारीच माती दिली."

जुळवलेलं एकही वाक्य कामाचं उरलं नाही. मी उघडा तळवा पुढे केला. ती खूण दादालाही ठाऊक होती, तोही त्याच पदराखाली शिकला होता. त्याने खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला आणि आपला तळवा माझ्या तळव्यावर ठेवला. दादाचा हात मी ओळखतो. रुंद, खरबरीत, पाची बोटं शाबूत.

टॉवेलाखाली माझ्या मनगटाला अर्ध्या करंगळीचं टोक लागलं. मी दादाकडे बघितलं. तो आधीच टॉवेलाकडे बघत होता, आणि आम्ही दोघांनीही हात काढला नाही.