पंजाबरावचा दगड

मी गुलाबराव. बावीस वर्षं मलकापूर-बुलढाणा-चिखली मालट्रक हाणला. आज पंजाबरावचं सांगतो. मधात कोणी बोलू नका. मले राग येते, अन राग आला का पुढचं विसरतो.

बुलढाण्याले रेल्वे नाही. मीठ असो, सिमेंट असो, सारं मलकापूर टेसनावर उतरे अन आमी ते घाट चढवून वर नेत असू. महाराष्ट्र होऊन वर्षच झालं होतं तवाची गोष्ट. घाट चढता चढता इंजिन तापे, रेडिएटरचं पाणी उकळे. म्हणून अर्ध्या घाटात पाणवळणावर सगळेच थांबत. तिथं झरा होता अन मोतीरामचं चहाचं हॉटेल होतं. पण जागा लय वाईट. उभा चढ, मागं पन्नास पावलांवर कठडा, अन कठड्याखाली दरी. इंजिन बंद कराची सोय नव्हती, कारण बंद केलं अन पुन्हा चालूच नाही झालं तं? म्हणून गाडी न्यूट्रलमंदी, हँडब्रेक ओढलेला, अन मागच्या चाकाखाली दगड.

हँडब्रेकचं काय सांगू? आमच्या हँडब्रेकवर भरोसा ठेवणारा एक तं नवा असे नाहीतं मेलेला. दांड्याखालचे दात झिजलेले. इंजिनाच्या थरथरीनं एकेक दात मागं सुटे. मालकाले सांगितलं का तो म्हणे, "पायाचा ब्रेक लागते ना? मंग झालं." अरे, ड्रायव्हर खाली उतरल्यावर पायाचा ब्रेक काय तुहा बाप दाबते? हे म्या त्याले तवा म्हटलं नाही. आता म्हणतो.

पंजाबराव तिथं सडकेच्या गँगवर खडी फोडे. अमडापूरकडचा, बौद्ध. माह्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी आमी ड्रायव्हर लोक त्याले पंजाब्याच म्हणत असू. गाडी थांबली का ड्रायव्हर सडकेवरचा कोणताबी गोटा चाकाखाली सारत अन निघताना तिथंच टाकून जात. एक दिवस असल्याच गोट्यावर चढून एक बैलगाडी उलटली, बैलाचा पाय मोडला. पंजाबराव लय तापला. त्यानं काळ्या दगडाची पाचर घडवली. एका अंगानं पातळ, दुसऱ्या अंगानं वीतभर उंच. सडकेवर सरकू नये म्हणून बुडाले छिन्नीचे टोचे मारले. पंधरा शेराचा तरी असन. गाडी आली का हा घण खाली ठेवून उठे, दगड लावे, अन गाडी पुढं सरकली का फळीवर थाप मारून दगड उचलून नेई. हे त्याचं काम नव्हतं. कोणी त्याले सांगितलंबी नव्हतं. बिडी देली तं घे, नाही देली तं नाही.

त्याच सालच्या दिवाळीत माही गाडी वळणावर उभी होती, मिठाची भरून. मी झऱ्यावर डबा भरत होतो. एकाएकी हँडब्रेक सुटला. गाडी वीतभर मागं आली, दगडावर चढली, हादरली, अन थांबली. फक्त त्या दगडानं. अन मंग म्या काय केलं? घडवणाऱ्याच्या पाया पडाचं सोडून दगडाच्या पाया पडलो! गाडीतला शेंदूर काढला, दगडाले फासला, नारळ फोडला. येडाच.

दुसऱ्या ड्रायव्हरायनं पाह्यलं, त्यायनंबी फोडले. महिन्याभरात त्याचं नाव पडलं थांबोबा. मोतीरामनं हॉटेलासमोर ओटा बांधला, दगड उचलून त्यावर ठेवला अन सिमेंटनं पक्का केला. मले वाटलं, चांगलं झालं.

पंजाबराव म्हणे, "अरे, पण चाकाखाली काय लावाचं?" त्यानं दुसरा दगड घडवला. तोबी लोकायनं शेंदूर लावून थांबोबाशेजारी सिमेंटात बसवला, त्याची बायको म्हणून! तिसरा त्यानं घडवला नाही. म्हणे, "मी घडवाचे अन तुमी त्यायले निवद दाखवाचा. जाऊ द्या." गोल गोटे पुन्हा सुरू झाले. अन काही ड्रायव्हर तं गोटाबी लावेनात. देव बसला हाये म्हणे.

एक दिवस पंजाबराव ओट्यापाशी गेला. दगडाच्या बुडाले चीर गेली का काय, ते पाहाले वाकला. मोतीराम ओरडला, "ए, लांब हो! हात नोको लावू देवाले. तुमचं हे नाही आता."

पंजाबराव म्हणे, "याले छिन्नी म्या मारली ना, मोतीरामभाऊ."

"मारली असन. आता लांब हो."

मी तिथंच बाकड्यावर होतो. हातात कप होता. पंजाबरावनं माह्याकडं पाह्यलं. म्या कपात पाह्यलं अन चहा पीत राह्यलो. तो गेला, आपल्या गोणपाटावर जाऊन बसला अन खडी फोडू लागला.

त्या दिवाळीले सव्वा वर्ष झालं. माघ महिना, भरदुपार. गाडीत सिमेंट, अन केबिनीत माही बायको पुष्पा. पहिलं बाळंतपण, सातवा सरत आलेला, तिले माहेरी अमडापूरले सोडाचं होतं. तिले ऐसपैस बसता यावं म्हणून क्लीनरले त्या दिवशी म्या सुट्टी देली होती. वळणावर गाडी लावली तवा ती झोपली होती. मी हँडब्रेक ओढला, नारळ घेतला अन खाली उतरलो. सुखरूप सुटका होऊ दे म्हणून थांबोबाले नारळ फोडाचा होता.

पंजाबराव गोणपाटावरून म्हणे, "गुलाबराव, चाकाखाली काही नाही."

"देव हाये ना बे!" म्या म्हटलं.

"देव ओट्यावर हाये. चाक तिकडं हाये."

म्या ऐकलं नाही. चपला काढल्या, ओट्यापाशी गेलो, डोळे मिटले. पुष्पाचं नाव घेऊन राह्यलो होतो, तेवढ्यात कानाशी धाडकन आवाज झाला. डोळे उघडून पाहातो तं पंजाबराव ओट्यावर घण घालून राह्यला! सिमेंटचा तुकडा उडाला. मोतीराम हॉटेलातून ओरडत आला, "अरे, देव फोडला! धरा त्याले!"

अन म्या धरलं. हो, म्याच. त्याचा वर गेलेला हात दोन्ही हातानं धरला. "काऊन बे, पंजाब्या? माजला का?"

तो एवढंच म्हणला, "मागं पाह्य."

म्या मागं पाह्यलं. गाडी चालली होती. हळूहळू मागं, हँडब्रेक अर्धा धरून, अर्धा सोडून, कट... कट... अन काचेमागं पुष्पाचं डोकं सीटवर कलंडलेलं. माह्या हातातून त्याचा हात सुटला. मी धावलो. दाराची मूठ हातात येईना. मंग समोरून बंपर धरला अन गाडी ओढू लागलो. सिमेंटची भरलेली गाडी मी ओढू राह्यलो होतो! अनवाणी टाचा सडकेवर घासत चालल्या. "पुष्पे! पुष्पे!" पुष्पा जागी झाली. तिनं माह्याकडं पाह्यलं, कायबी समजलं नाही तिले, नुस्तं पोटाले धरलं. कठडा पंधरा पावलांवर असन. घणाचा आणखी एक घाव ऐकू आला.

पंजाबराव माह्या बाजूनं गेला. पोटाशी थांबोबा धरलेला, हार लोंबत होते, छाती शेंदरानं लाल. चाकामागं जाऊन त्यानं दगड टाकला. दगड आडवा पडला. चाक आलंच होतं. त्यानं हात घालून पातळ बाजू चाकाकडं फिरवली. गाडी दगडावर चढली, हादरली, अन थांबली.

पंजाबराव उठला नाही. त्याची तीन बोटं दगडाखाली होती.

"गुलाबराव," तो म्हणे, आवाज न चढवता, "वर चढा. एकच वीत पुढं घ्या. घाई नोको."

मी चढलो. ब्रेक दाबून धरला. गाडी बोटभर जरी मागं आली असती, तं त्याचं मनगट गेलं असतं. पुष्पा म्हणे, "मी उतरू का?" "हालू नोको." पहिला गिअर टाकला. क्लच सोडता सोडता डोळ्यात घाम गेला, समोरचं दिसेना. इंजिन बंद पडलं असतं तं पुन्हा चालू होणार नव्हतं, हे मले माहीत होतं. गाडी गुरगुरली, एक वीत पुढं गेली. खालून पंजाबरावचा आवाज आला, "निघाला हात. दगड लावा कोणी!"

आरशात पाह्यलं तं मोतीराम उभा. हात जोडलेले, तोंड पांढरं. पंजाबराव रक्ताचा हात काखेत दाबून बसलेला.

"मोतीराम!" मी किंचाळलो. "लाव तो दगड! माही बायको हाये बे गाडीत!"

मोतीराम वाकला. थांबोबाले दोन्ही हातानं ढकललं अन चाकाखाली सारलं. मंग तिथंच बसून रडू लागला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तीन बोटं काढली. संध्याकाळी मी त्याच्या खाटेपाशी गेलो. त्याची बायको जनकाबाई उशाशी बसली होती. तिनं माह्याकडं पाह्यलंबी नाही. म्या म्हटलं, "पंजाबराव, मले माफ करा. तुमचा हात धरला म्या."

"ते ठीक हाये," तो म्हणे. "तुमाले गाडी दिसली नव्हती." मंग म्हणे, "मोतीरामनं मले लांब हो म्हटलं, तवा तं दिसत होतं ना सगळं? तुमी चहा पिऊन राह्यले होते. मले वाटलं, हा बोलन. याचीच गाडी थांबोली होती ना त्या दगडानं."

लाज वाटली, लय लाज वाटली. आजबी वाटते.

मालकाले जाऊन सांगितलं, दात बदल नाहीतं दुसरा ड्रायव्हर पाह्य. बदलले. दगड ओट्यावर परत गेला नाही. मोतीरामनंच तो धुतला अन झऱ्यापाशी ठेवला, अन गाडी आली का स्वतः उठून लावू लागला. पंजाबरावले घण धरता येत नव्हता. त्याले मुकादमानं सडकेवर पाणी माराचं काम देलं.

पोरगी झाली. वैशाखात अमडापूरले बारसं होतं. मी स्वतः जाऊन पंजाबराव अन जनकाबाईले घेऊन आलो. पुष्पा म्हणे, "पाळण्यात घालाच्या आधी पोरगी पंजाबरावदादाच्या मांडीवर द्याची." पंजाबराव दारापाशीच उभा राह्यला, तो हात धोतराच्या सोग्यात लपवून. माहा चुलतसासरा नारायणराव, घरातला मोठा माणूस, घसा खाकरून म्हणे, "जावईबापू, लोकं बसले हायेत. त्यायले बाहेर पान वाढू ना. पोरीले हात कायले?"

सगळे माह्याकडं पाहू लागले. पंजाबरावबी. माह्या हातात चहाचा कप होता.

म्या कप खाली ठेवला. पुष्पाजवळून पोरगी घेतली, दारापाशी गेलो, अन म्हटलं, "दादा, हात काढा बाहेर. दोन्ही लागतीन, लहान हाये ती."